सांगायचं नाही, तर पाठवतात कशाला?

दुसऱ्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं, "पूर्वी कधीतरी वापरलेला, आता कुठेच चालू नसलेला एक पासवर्ड आठवा आणि या पानावर टाका." सगळ्यांनी टाकला. माझा पासवर्ड माझ्या मते फार हुशारीचा होता. शाळेत असताना पाळलेल्या मांजराचं नाव, त्यातल्या एका अक्षराच्या जागी ॲटचं चिन्ह, पुढे जन्मसाल आणि शेवटी उद्गारचिन्ह. चार वर्षं मी तो सगळीकडे वापरला होता.

सरांनी पडद्यावर एक फाइल उघडली. तिच्यात पासवर्ड कुठेच नव्हते, नुसत्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक, निरर्थक ओळी होत्या. मग त्यांनी एक प्रोग्रॅम चालू केला आणि आम्ही बघत बसलो. पहिल्या दोन सेकंदांतच सात ओळींसमोर मूळ पासवर्ड उमटले. वर्गात हशा पिकला. माझ्या मांजराचं नाव यायला चाळीसेक सेकंद लागले, उद्गारचिन्हासकट. तास संपला तेव्हा अठ्ठावीसपैकी तीनच ओळी शाबूत होत्या.

ती फाइल काय असते आणि तिच्यातून पासवर्ड परत कसा निघतो, एवढं कळलं तरी 'डिजिटल सुरक्षा' या भारदस्त शब्दाची निम्मी भीती जाते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

फाइल चोरीला जाणारच, असं धरून चालायचं

संगणकाच्या जगात पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली होती. यंत्र एक आणि माणसं अनेक. मग कुठली फाइल कोणाची आणि कोणी किती वेळ वापरला, याचा हिशेब लागणार. त्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला.

तिथेच ॲलन शेर नावाचा पीएच.डी. करणारा विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्याने पंचकार्डावरून संगणकाला एक फाइल छापायला सांगितली. ती सगळ्यांच्या पासवर्डची होती. संगणकाने ती निमूटपणे छापून दिली. शेरने हे कैक वर्षांनी स्वतःच कबूल केलं. पुढे १९६६ मध्ये त्याच यंत्रणेत आणखी एक घोळ झाला. रोज लॉगिन केल्यावर सगळ्यांना दिसणारी सूचना आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली, आणि जो येईल त्याला अख्खी यादी दिसू लागली. त्यात चोर कोणीच नव्हता, प्रोग्रॅममधली चूक होती.

पासवर्ड फायलीत जसेच्या तसे लिहून ठेवले होते, हे दोन्ही प्रकारांमागचं मूळ. त्यावरचा तोडगा केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात काढला, आणि तो इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर मला तो फसवा वाटला होता. पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याचा ठसा ठेवायचा. याला हॅश म्हणतात. पासवर्डवर ठरावीक गणिती क्रिया करत जायचं. अक्षरांचे आकडे करायचे, ते घुसळायचे, गुणायचे, मधला बराच भाग टाकून द्यायचा, आणि शेवटी जी ओळ उरेल तेवढीच फायलीत लिहायची. अंगठ्यावरून ठसा सहज उठतो, ठशावरून अंगठा घडवता येत नाही, तसंच हे. तुम्ही लॉगिन करताना पासवर्ड टाकता तेव्हा यंत्र त्याचा पुन्हा ठसा उठवतं आणि ठेवलेल्या ठशाशी ताडून बघतं. जुळला तर आत. म्हणजे ज्याच्याकडे तुमचं खातं आहे त्यालासुद्धा तुमचा पासवर्ड माहीत नसतो, निदान नसायला हवा.

यातून एक परीक्षा आपोआप मिळते. एखाद्या संकेतस्थळावर 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर त्यांनी तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने धाडला, तर तिथून काढता पाय घ्यावा. ज्याला तो परत सांगता येतो, त्याने तो कुठेतरी लिहून ठेवलाय.

मग आमच्या वर्गातले ठसे कसे फुटले? फुटले नाहीत, कोणी उलटे फिरवलेही नाहीत. सरांच्या प्रोग्रॅमने फक्त अंदाज केले. शब्दकोशातले शब्द, नावं, पूर्वी चोरीला गेलेले पासवर्ड, एकेकाचा ठसा उठवायचा आणि फायलीत तो सापडतो का बघायचं. 'अक्षराच्या जागी चिन्ह', 'शेवटी साल', 'शेवटी उद्गारचिन्ह' या माझ्या क्लृप्त्या त्या प्रोग्रॅमला तयार नियम म्हणूनच शिकवलेल्या होत्या. माझी हुशारी माझ्याआधी लाखो लोकांनी केलेली होती.

हेही जुनंच आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले ८६ टक्के एक तर अगदी छोटे होते, नाहीतर शब्दकोशात, नावांच्या याद्यांत सहज सापडणारे. १५ जणांचा पासवर्ड एकाच अक्षराचा होता! त्यांनी आपल्या निबंधात यावरचा उपायही सांगितला. तो म्हणजे मीठ. पासवर्डचा ठसा उठवण्याआधी त्यात प्रत्येकासाठी वेगळी, यादृच्छिक चिमूट घालायची. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे पडतात, आणि चोराला एकदाच यादी करून सगळ्यांवर चालवता येत नाही. प्रत्येक खात्यासाठी पहिल्यापासून मेहनत करावी लागते. त्याच निबंधात आणखी एक सुधारणा होती, ती मला फार आवडते. ठसा उठवायची क्रिया मुद्दाम रेंगाळणारी करायची. तुम्हाला लॉगिनला पाव सेकंद जास्त लागला तर कळतही नाही. अब्जावधी अंदाज करायला बसलेल्या चोराचं मात्र कंबरडं मोडतं. संगणकशास्त्रात सगळं कसं वेगवान करायचं हेच आम्हाला शिकवतात, आणि इथे संथपणाला गुण आहेत.

याच मॉरिस यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवर एक प्रोग्रॅम आपणहून पसरत गेला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. इतर युक्त्यांबरोबर त्यात ४३२ शब्दांची एक यादी होती, ती एकेक करून पासवर्ड म्हणून टाकून बघायची. तो लिहिणारा विद्यार्थी म्हणजे रॉबर्ट टॅपन मॉरिस, याच मॉरिसांचा मुलगा. लोकांचे पासवर्ड किती कच्चे असतात हे वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी छापून सांगितलं होतं, मुलाने ते चालवून दाखवलं. त्याला शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापकही झाला.

आणि तरी २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून तीन कोटी वीस लाखांहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ते ठसे नव्हते, मीठ नव्हतं, होते तसेच लिहिलेले होते. सगळ्यात लोकप्रिय होता '१२३४५६'. बातम्यांत हसू झालं ते '१२३४५६' टाकणाऱ्यांचं. तीस वर्षं छापलेला उपाय ज्यांनी वापरला नाही, त्यांच्यावर फारसं कोणी हसलं नाही.

ओझं कोणाच्या डोक्यावर

आमच्या अभ्यासक्रमात एक स्लाइड होती: 'सुरक्षेच्या साखळीतला सगळ्यात कमकुवत दुवा म्हणजे माणूस.' परीक्षेत मी ते वाक्य लिहूनही आले, दोन गुण मिळाले. आता ते मला पटत नाही. पूल कोसळला तर 'पुलावरून चालणारी माणसं जड होती' असं कोणी म्हणत नाही. माणसं जेवढी जड असतात तेवढी असणारच. पूल त्या हिशेबाने बांधायचा असतो.

पासवर्डच्या नियमांचंच बघा. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी नवा. हा जाच जगभर पसरला त्यात २००३ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने काढलेल्या एका मार्गदर्शिकेचा मोठा हात होता. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. कारण झालं काय? दर तीन महिन्यांनी माणसं नवा पासवर्ड शोधत नाहीत, जुन्याच्या शेवटचा एक काढून दोन करतात. मोठं अक्षर मागितलं की पहिलंच मोठं होतं, चिन्ह मागितलं की शेवटी उद्गारचिन्ह लागतं. नियम पाळले जातात आणि पासवर्ड ओळखायला सोपे होतात. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शिका काढली. ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबीला महत्त्व द्या, आणि चोरीच्या याद्यांत आधीच असलेले पासवर्ड नाकारा. तरीही मला परवाच एका ठिकाणी 'आपला पासवर्ड कालबाह्य झाला आहे' असं दिसलं. पासवर्ड काय औषध आहे?

लांबीला महत्त्व का, ते आकड्यांतच कळतं. फक्त छोटी रोमन अक्षरं वापरून आठ अक्षरी पासवर्ड केला तर शक्यता होतात सुमारे २० हजार ८०० कोटी. मोठा आकडा वाटतो. पण सेकंदाला एक लाख कोटी अंदाज करू शकणाऱ्या यंत्रांसमोर हे पाव सेकंदाचंही काम नाही. आता दुसरी रीत. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची यादी केली. पाच फासे टाकायचे, जो आकडा येईल त्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द एकापुढे एक ठेवायचे. त्याच यंत्रांना सगळ्या शक्यता धुंडाळायला सुमारे सात हजार वर्षं लागतील. शब्द अगदी रोजचे असले तरी चालतात. अट एकच, ते तुम्ही निवडायचे नाहीत, फाशांनी निवडायचे. आपल्या डोक्यातून येतं ते कोणाच्या ना कोणाच्या डोक्यातून आधी येऊन गेलेलं असतं, हे मांजराने मला शिकवलंच होतं.

खरा धोका तर याहून साधा आहे. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं. कुठल्याशा विसरलेल्या गेमच्या साइटवरून तो गळतो आणि चोर तोच घेऊन तुमच्या ईमेलचं दार ठोठावतो. अंदाजबिंदाज काही करावा लागत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, आणि ते लक्षात ठेवणं माणसाचं काम नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारा प्रोग्रॅम, वापरा. नाहीतर वहीत लिहून ठेवा. हो, वहीत. ज्याची भीती आहे तो चोर हजारो किलोमीटर दूर बसलेला असतो, त्याला तुमचं कपाट उघडता येत नाही.

आजीचा प्रश्न

माझी आजी अशीच वही ठेवते. सांगितलेली गोष्ट ती नीट ऐकते आणि मग नेमकी जिथे शिवण उसवलेली असते तिथेच बोट घालते. मी तिला तिसऱ्यांदा बजावत होते की फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. ती म्हणाली, "अगं, पण सांगायचा नाही, तर पाठवतात कशाला?"

मी म्हटलं, "तो तू टाकायचा असतो."

"म्हणजे सांगायचाच ना? पडद्याला सांगायचा, माणसाला नाही. आणि पडद्यामागे कोण आहे ते मला कसं कळणार?"

मी गप्प बसले. प्रश्न बिनतोड होता.

ओटीपीमागचा विचार असा की पासवर्ड हे तुम्हाला 'माहीत' असतं आणि फोन हा तुमच्या 'हातात' असतो. चोराला एक मिळेल, दोन्ही मिळणं अवघड. बरोबरच आहे, आणि ही सोय असेल तिथे ती चालू करावीच. पण चोराने काय केलं? फोन चोरायच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याने हुबेहूब तसंच दिसणारं पान केलं. तुम्ही तिथे पासवर्ड टाकता, त्याचा प्रोग्रॅम तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो, खरी साइट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तुम्ही तो खोट्या पानावर टाकता, आणि पुढच्या सेकंदाला तो आत असतो. यात तुम्ही एकही नियम मोडलेला नसतो. माणसाला काही सांगितलं नाही, पडद्यालाच सांगितलं.

'मी असल्याला फसणार नाही' असं वाटत असेल, तर जुलै २०२० आठवा. ट्विटरच्या कर्मचाऱ्यांनाच फोनवरून बोलण्यात गुंतवून काही पोरांनी कंपनीच्या आतल्या यंत्रणेत शिरकाव केला आणि बराक ओबामा, जो बायडन, इलॉन मस्क यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून पैसे मागितले. मुख्य आरोपी सतरा वर्षांचा होता. तंत्रज्ञान हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या माणसांनाही समोरचा आवाज खरा वाटला. मीही एकदा फसले आहे. निकालाच्या दिवशी निकालाचं म्हणून आलेल्या लिंकवर डोळे झाकून लॉगिन केलं. घाई, भीती आणि ओळखीचं बोधचिन्ह, एवढं पुरतं. या विषयात चांगले गुण होते मला, हे विशेष.

आजीच्या प्रश्नाला खरं उत्तर आत्ता कुठे मिळू लागलंय. त्याचं नाव पासकी. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती सगळीकडे आणायचं जाहीर केलं. तुमच्या फोनमध्ये प्रत्येक साइटसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक गुप्त, ती कधी फोनच्या ताब्यातून साइटकडे जात नाही. दुसरी उघड, ती साइटकडे राहते. लॉगिन करताना साइट एक कोडं पाठवते, फोन तुमचं बोट किंवा चेहरा बघून गुप्त किल्लीने त्यावर सही करतो, आणि साइट उघड किल्लीने सही पडताळते. साइटकडून चोरण्यासारखं काही उरतच नाही. आणि यातली मुख्य गंमत अशी की ही जोडी साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी फोन सही करत नाही. आपण बोधचिन्ह बघतो, रंग बघतो. फोन पत्त्याचं अक्षर न् अक्षर बघतो आणि तो कधी घाईत नसतो.

म्हणजे 'पडद्यामागे कोण आहे ते मला कसं कळणार' याचं उत्तर 'आजी, नीट बघत जा' हे नव्हतंच. ज्याला ते बघता येतं त्याच्याकडे ते काम द्यायला हवं होतं.

जाता जाता पत्त्याशेजारच्या त्या छोट्या कुलपाबद्दल. कुलूप दिसलं की साइट खरी, असं कित्येकांना अजून वाटतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून तिथपर्यंतचा रस्ता मोहोरबंद आहे. रस्त्याच्या टोकाला साव बसलाय की चोर, याबद्दल ते काहीच बोलत नाही. चोराच्या पानालाही कुलूप फुकट मिळतं. हा गैरसमज जाईना, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?'

हे वाक्य मी वर्गात, घरी, प्रवासात, सगळीकडे ऐकलंय. त्याला माझं उत्तर म्हणजे आणखी एका विद्यार्थिनीची गोष्ट.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या इस्पितळाच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कोणाची ओळख पटणार नाही असं आश्वासन होतं. लाटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहतात, हे सगळ्यांना ठाऊक. तिने वीस डॉलर मोजून त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. त्यात वेल्ड यांच्याच जन्मतारखेची सहा माणसं निघाली, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या टपालविभागात राहणारा एकच. इस्पितळाच्या नोंदींत जन्मतारीख, लिंग आणि टपालविभाग हे तिन्ही होतेच. गव्हर्नरांचा आजार तिच्यासमोर उघडा पडला. पुढे तिने हिशेब मांडला की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना एवढ्या तीन गोष्टींवरून बहुधा एकमेव म्हणून ओळखता येईल.

नाव काढलं म्हणजे माणूस पुसला गेला, असं नसतं. आपण तुकड्यातुकड्यांनी सांडत असतो. एकेक तुकडा निरुपद्रवी असतो, दोन याद्या शेजारी ठेवल्या की चेहरा उमटतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या धावण्याच्या वाटांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. नाव कोणाचंच नव्हतं. काही आठवड्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की जिथे वस्ती नाही अशा ओसाड भागांत प्रकाशाच्या रेघा चौकोन काढतायत. ते लष्करी तळ होते, आणि सैनिक सकाळी कुंपणाकडेने पळत होते. त्यांतल्या एकालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझ्या पळण्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि हे आपल्यापुरतंही राहत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरची एक चाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी सोडवली. माहिती गोळा झाली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण सोडवणाऱ्यांच्या मित्रांचीही खेचली गेली. तुमच्या वतीने तुमच्या मित्राने 'मान्य आहे' दाबलेलं असतं. त्याला बिचाऱ्याला आपलं व्यक्तिमत्त्व कसं आहे एवढंच बघायचं होतं.

दुसरी किल्ली

राहिला प्रश्न सरकारांचा, आणि इथे माझ्या वर्गात हमखास भांडण होतं. निरोपांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूप असलं की मधल्या कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेल्या उघड किल्लीच्या कल्पनेवर हे उभं आहे. मी जगाला उघडी कुलपं वाटून ठेवते, कोणीही पेटीला ते लावून बंद करावं, उघडायची किल्ली मात्र माझ्याचकडे. पासकीतही हाच विचार वेगळ्या कामाला जुंपलेला आहे.

मग म्हणतात, गुन्हेगार पकडायला एक जादा किल्ली फक्त पोलिसांकडे ठेवा. मागणी समजण्यासारखी आहे. मला स्वतःला पूर्वी ती पटायची. ग्रीसमधला प्रकार वाचल्यावर पटेनाशी झाली. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठीची सोय मुळातच होती. २००४-०५ मध्ये अज्ञात मंडळींनी आपलं सॉफ्टवेअर आत घुसवून तीच सोय स्वतःसाठी चालू केली आणि कित्येक महिने शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यांत पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांचाही फोन होता. चांगल्यांसाठी ठेवलेलं मागचं दार येणाऱ्याचा हेतू विचारत नाही. माझा मित्र यावर म्हणतो की मग तपास करायचाच नाही का? करायचा, आणि तो अवघड होतो हे खरंच आहे. पण ती किंमत कोणाकडून वसूल करायची हे ठरवताना किल्लीचा गुच्छ कधीच हरवणार नाही असं गृहीत धरता येत नाही.

यंदाच्या प्रोजेक्टसाठी मी मराठी शब्दांची यादी केली, मोजून ७,७७६. जोडाक्षरं कमी, रोमन अक्षरांत लिहिताना गोंधळ होणार नाही असे, कारण कित्येक साइट देवनागरी पासवर्ड घेत नाहीत. यादीची पहिली चाचणी आजीवर. ज्या जुन्या ईमेल खात्यावर पासकीची सोय नाही, त्याचा पासवर्ड बदलायचा होता. ती जमिनीवर पाच फासे टाकत गेली, चष्मा सारखा करून यादीत शब्द शोधत गेली. एक शब्द तिला आवडला नाही, म्हणाली, दुसरा घेते. मी म्हटलं, तेवढं मात्र चालणार नाही, पडेल तोच. तिने तोंड वाकडं करून मान्य केलं.

सहावा शब्द सापडल्यावर तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता थांबली.

"तू तिकडे बघ," ती म्हणाली.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.